भगरीच्या मुलखांत

आषाढी एकादशीचा दिवस. घरांत लहानमोठीं चौदा माणसें, त्यांपैकीं नऊ जणांस उपास. मोठ्या पातेल्यांत भगर शिजत होती, शेजारीं दाण्याची आमटी उकळत होती, आणि पाटावर येऊन बसलेला आमचा सहा वर्षांचा पुतण्या आजीस विचारीत होता, "आजी, गहूं शेतांत होतो, तांदूळ शेतांत होतात, मग भगर कोठें होते?" आजींनीं क्षणभर विचार केला आणि सांगितलें, "वाण्याकडे."

सारीं मंडळी हसलीं. परंतु पानें उचलल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं, पोराच्या प्रश्नास याहून बरें उत्तर घरांतील एकाहि वडीलधाऱ्यास देतां आलें नसतें. साबुदाणा कशापासून करितात, तो उपासास चालावा कीं न चालावा, यावर आमच्याकडे दर चातुर्मासांत वाद होतो. वर्षांतून निदान पंचवीस वेळां जी वस्तु आमच्या पानावर पडते, तिच्या गांवाची मात्र चौकशी आम्हीं कधीं केली नव्हती. कोंकणांतले आप्त तिला वरी म्हणतात, पुण्याकडचे वरईचे तांदूळ म्हणतात, खानदेशांत ती भगर. नांवें तीन ठाऊक, पण जन्मस्थान एकहि नाहीं.

ती चौकशी करीत करीत आम्ही नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्यांतील मोलगी नांवाच्या बाजारगांवीं जाऊन पोंचलों. वरी नाशिकच्या डोंगराळ तालुक्यांतहि होते, कोंकणांतहि होते. पण मोलगीची भगर व्यापाऱ्यांत विशेष नांवाजलेली. गेलों भगरीच्या शोधास, आणि पाहून आलों निराळेंच. ज्या डोंगरांत आमचें उपासाचें अन्न पिकतें, तेथल्या माणसांस नित्याच्या अन्नासाठीं किती चालावें लागतें आणि कोणत्या महिन्यांत चूल कशी थंडावते, हें तेथें दिसलें. तेंच वाचकांस सांगावयाचें आहे.

जिल्हा तसा नवा. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यापासून तो निराळा काढण्यांत आला. जुन्या मंडळींच्या तोंडीं हा सारा प्रदेश पश्चिम खानदेश या नांवानेंच आहे. नंदुरबार, नवापूर, शहादें, तळोदें, अक्कलकुवा आणि अक्राणी असे याचे सहा तालुके. २०११ च्या खानेसुमारींत येथील लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आंतबाहेर भरली, आणि तींत शंभरांमागें एकोणसत्तर माणसें आदिवासी, म्हणजे भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा जमातींचीं होतीं. परंतु नकाशावर जरी जिल्हा एक दिसला, तरी पाहणारास तो दोन जिल्हे असल्याप्रमाणें वाटतो. तापीच्या कांठीं काळी जमीन, ऊस, केळी, पपई. नंदुरबार शहराच्या भोंवतीं मिरचीच्या पथाऱ्या वाळत पडलेल्या, इतक्या लाल कीं दुरून डोळ्यांस पाणी यावें. आणि मधून सुरत-भुसावळ लोहमार्गावरून गाड्यांची ये-जा. येथें दुकान नाहीं असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. तळोद्याहून किंवा अक्कलकुव्याहून उत्तरेस वळलें कीं मात्र चांदसैलीचा किंवा देवगोईचा घाट लागतो. घाट चढून गेल्यावर डोंगरामागें डोंगर, त्यांमध्यें धडगांव आणि मोलगी हीं दोन मोठीं बाजारगांवें, आणि अगदीं शेवटीं खालीं नर्मदा. पावसाळ्यांत घाटांत दरड कोसळली कीं वरचा मुलूख खालच्या मुलखापासून तुटतो. मग दळण, औषध, मीठ, सारें वाट मोकळी होईपर्यंत थांबतें.

गांव म्हणजे चावडी, देऊळ, पार आणि भोंवतीं दाटीवाटीनें घरें, असें जें चित्र आपल्या मनांत असतें, तें येथें पुसून टाकावें लागतें. येथें प्रत्येकाचें घर आपापल्या शेतांत, आपापल्या टेकडीवर. अशा पांच-दहा घरांचा पाडा होतो, आणि कित्येक पाडे मिळून सरकारदफ्तरीं एक गांव होतें. शेजारीण समोर दिसते, हांक मारली तर ऐकूंहि येते, पण तिच्याकडे जावयाचें म्हणजे एक दरी उतरून दुसरी चढण चढावयाची. "गांवांत स्वस्त धान्याचें दुकान आहे" हें वाक्य म्हणून कागदावर खरें असतें आणि पायांस खोटें ठरतें. दुकान एका पाड्यावर. बाकीचे पाडे त्यापासून तासा-दोन तासांच्या वाटेवर.

पाश्चात्त्य देशांत या विषयाचा अभ्यास गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पुष्कळ झाला आहे. १९९० नंतरच्या सुमारास स्कॉटलंडमध्यें 'अन्नाचें वाळवंट' असा एक शब्दप्रयोग रूढ झाला. ज्या वस्तींतील लोकांस ताजें, सकस अन्न परवडेल अशा दरानें जवळपास मिळत नाहीं, ती वस्ती म्हणजे अन्नाचें वाळवंट. अमेरिकेच्या शेतकी खात्यानें तर त्यासाठीं मापच ठरवून टाकलें: खेड्यांतील माणसाच्या घरापासून मोठें किराणा दुकान दहा मैलांहून दूर असेल, तर तें ठिकाण या सदरांत धरावें. दहा मैल हें अंतर मोटार बाळगणाऱ्या देशाचें आहे. तेथील तक्रारहि वेगळी. जवळच्या दुकानांत पाकिटांतील गोड-खारे पदार्थ मिळतात, भाजी मिळत नाहीं, म्हणून माणसें लठ्ठ होतात आणि तरीहि कुपोषित राहतात. हें माप घेऊन अक्राणींत येणारा मनुष्य गोंधळून जाईल. येथें मैलांपेक्षां चढण महत्त्वाची, चढणीपेक्षां ऋतु महत्त्वाचा, आणि वाळवंट हा शब्द तर या हिरव्यागार डोंगरास मुळींच शोभत नाहीं. पण त्या कल्पनेंतील एक गोष्ट आम्हांस पटली. भूक ही केवळ पीक बुडाल्यानें किंवा खिसा रिकामा असल्यानेंच येते असें नाहीं. अन्न आणि चूल यांच्यामध्यें वाट कशी आहे, यावरहि ती अवलंबून असते.

या डोंगरांत काय पिकत नाहीं? ज्वारी, मका, तूर, उडीद, चवळी. आणि भगरीच्या जातीचीं बारीक धान्यें, ज्यांस तेथें मोर, बंटी, भादी अशीं नांवें आहेत. उताराची, दगडगोट्यांची जमीन असली तरी हीं धान्यें कुरकुर करीत नाहींत, खत मागत नाहींत, आणि नीट वाळवून कोठींत भरलीं तर वर्षानुवर्षें टिकतात. चैत्राच्या आधींपासून मोहाचीं फुलें वेंचावयाचीं, तीं वाळवून ठेवावयाचीं. मोहाच्या बियांचें तेल काढावयाचें. उन्हाळ्यांत चारोळी आणि आंबा. पहिला पाऊस पडला कीं रानभाज्या आणि कंद. याहामोगी ही या लोकांची थोर देवता. याहा म्हणजे आई. दुष्काळांत लोकांस धान्य देऊन जगविणारी ती माता, अशी तिची ख्याति. आपल्याकडील अन्नपूर्णेची ही डोंगरांतली बहीणच म्हणावयाची. तिचें मुख्य ठाणें देवमोगरा येथें, गुजरातच्या हद्दींत आहे, आणि महाशिवरात्रीच्या यात्रेस सातपुड्यांतून लोक तेथें लोटतात.

असें असतां कोठ्या रिकाम्या कां होतात, हा प्रश्न आम्हीं मोलगीच्या बाजारांत एका वृद्ध गृहस्थास केला. ते आमच्याबरोबरच्या शाळामास्तरांचे परिचित. त्यांनीं उत्तर देण्याऐवजीं आम्हांसच विचारलें, "तुम्ही मीठ शेतांत पिकवतां काय, साहेब?"

सारें मर्म या प्रश्नांत आहे. भगर पिकते, मीठ पिकत नाहीं; तेल पुरेसें निघत नाहीं; कापड, औषध, पोरांचीं दप्तरें, लग्नाचा खर्च, मोबाईलचे पैसे, यांपैकीं कांहींच शेतांत उगवत नाहीं. आश्विन-कार्तिकांत भगर निघते आणि त्याच वेळीं देणेकरी दारांत उभे असतात. धान्य खळ्यावरून थेट बाजारांत येतें, आणि सर्वांचें एकदमच आल्यामुळें भाव पडलेला असतो. शिवाय भगरीचें साल मोठें चिवट. तें काढावयाचें म्हणजे हलक्या हातानें जात्यावर भरडावयाचें, सुपानें पाखडावयाचें, उरलेलें पुनः उखळांत सडावयाचें, पुनः पाखडावयाचें. एका वेळच्या जेवणापुरते दाणे काढण्यांत बायकांचा अर्धा दिवस जातो. जी बाई पहांटे पाणी आणते, दिवसभर शेतांत राबते, सायंकाळीं सरपण आणते, तिनें हे दाणे केव्हां सडावे? तेव्हां न सडलेली भगर विकून टाकावी आणि शिधापत्रिकेवरचा तयार तांदूळ शिजवावा, हाच व्यवहार तिला सोयीचा पडतो. तिला नांवें ठेवण्याचा अधिकार, जात्यास कधीं हात न लावणाऱ्या आम्हां मंडळींस तर मुळींच नाहीं.

विकलेली भगर घाट उतरते, यंत्रांवर सडली जाते, पांढरीशुभ्र होऊन पिशव्यांत भरली जाते, आणि वाण्याकडे येऊन आषाढाची वाट पाहते. आतां वाचकांनीं पंचांग पुढें घ्यावें. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत आपला चातुर्मास. श्रावणी सोमवार, एकादश्या, जन्माष्टमी, ऋषिपंचमी, नवरात्र. वर्षांतले बहुतेक उपास या चार महिन्यांत. शहरांत भगरीस याच दिवसांत मागणी, आणि भावहि तेव्हांच चढा. सातपुड्यांत हेच महिने टंचाईचे. मागील पीक संपलेलें, नवें शेतांत हिरवें उभें, मजुरी थंड, वाटा निसरड्या. या दिवसांतील पोटापाण्याच्या बेगमीस तेथें 'खावटी' असा शब्द आहे. सरकारनेंहि तो उचलला. आदिवासी कुटुंबांस या महिन्यांत खावटी कर्ज देण्याची योजना अनेक वर्षें चालली, आणि करोनाच्या सांथींत त्याचें रूपांतर चार हजार रुपयांच्या अनुदानांत झालें, अर्धें रोख आणि अर्धें जिन्नसांच्या रूपानें. म्हणजे ज्या महिन्यांत आम्ही पुण्य म्हणून एक वेळ जेवतों, त्याच महिन्यांत भगर पिकविणाऱ्याच्या घरीं एक वेळ निरुपायानें चुकते. दोन्ही घरीं शब्द एकच, उपास. पण एके ठिकाणीं तो दुसऱ्या दिवशीं सुटतो.

बाजाराचा दिवस पाहण्यासारखा असतो. पहांटेपासून डोंगरांच्या पायवाटांवर माणसांच्या रांगा दिसूं लागतात. बायकांच्या डोक्यावर गांठोडीं, पुरुषांच्या खांद्यावर पोतीं, जीपगाडींत आंत जितकीं माणसें तितकींच टपावर. आठवड्याचा किराणा, जांवयाची चौकशी, लग्नाची बोलणी, दांत काढणें आणि केस कापणें, सारें याच एका दिवशीं उरकावयाचें. होळीच्या आधींचे बाजार तर 'भोंगऱ्या' या नांवानें प्रसिद्ध. ढोल वाजतात, चांदीचे दागिने घालून मुली येतात, आणि खरेदी जत्रेसारखी होते. एरवींचा बाजार मात्र पाई-पाईचा. आम्ही एका किराणा दुकानाच्या ओट्यावर तासभर बसून राहिलों. गिऱ्हाइकें येत होतीं तीं पुडी मागत होतीं: तेलाची लहान पिशवी, हळदीची पुडी, चहाची पुडी, मिठाची पिशवी, पोराच्या हातीं बिस्किटाचा पुडा. आमच्या घरीं तेलाचा पंधरा किलोंचा डबा येतो आणि तो स्वस्त पडतो. हें तेल दोन-दोन घोटांनीं विकत घेणाऱ्यास तेंच तेल महाग पडतें. गरिबीचा हा जुना कर आहे, आणि त्याची पावती मिळत नाहीं. सुकी मासळी, गूळ, कांदे, बटाटे यांचे ढीग होते. हिरवी भाजी थोडी, आणि तीहि बरीचशी खालून आलेली. डोंगरांतल्या बाजारांत भाजी घाट चढून यावी, हें पाहून आम्हांस नवल वाटलें. पण पावसाळा सरला कीं वर पाणी नाहीं, मग भाजी कोठून?

वरून खालीं काय जातें, तेंहि ओट्यावरून दिसतें. उन्हाळ्यांत धडगांवकडचें आमचूर. कैऱ्या सोलून, चिरून, उन्हांत पसरून वाळवावयाच्या. घरांतील आजीपासून नातीपर्यंत सर्वांचे हात त्यांत. व्यापारी तें घेतात, परप्रांतीच्या मोठ्या बाजारपेठांत पाठवितात, आणि पुढें तें मसाल्याच्या सुबक डबींतून आमच्या फळीवर येऊन बसतें. चारोळी श्रीखंडावर येते, मोहाचीं फुलें व्यापाऱ्याच्या गुदामांत जातात, भगर उपासास येते. डोंगर आपल्या सणावारांची सामग्री पुरवितो, आणि त्याच्या पानावर मात्र उरतो रेशनचा भात व त्यावर तुरीचें पातळ वरण. कधीं वरणहि नाहीं, नुसती मिरची.

रेशनिंग हा शब्द आमच्या घरांत नवा नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ सालीं, मुंबईंत तें सुरू झालें तेव्हां गिरगांवांतल्या चाळीत राहणारे आमचे आजोबा पिशवी घेऊन रांगेत उभे राहत, आणि मिळालेल्या तांदळांतले खडे आजी निवडीत बसे, या गोष्टी आम्हीं लहानपणीं ऐकलेल्या. त्या काळीं तो मध्यमवर्गाचा जुलमाचा रामराम होता. सातपुड्यांत तो आज आधार आहे, आणि खरा आधार आहे, हें प्रथम स्पष्ट सांगितलें पाहिजे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यान्वयें प्राधान्य कुटुंबांतील प्रत्येक माणसास महिन्यास पांच किलो आणि अंत्योदय कुटुंबास पस्तीस किलो धान्य मिळतें. पूर्वीं तांदूळ तीन रुपये व गहूं दोन रुपये किलो होता. जानेवारी २०२३ पासून हें धान्य विनामूल्य आहे. पावसाळ्यापूर्वीं दुर्गम गांवीं चार महिन्यांचें धान्य आगाऊ पोंचविण्याची व्यवस्थाहि आहे. १८९९-१९०० च्या, म्हणजे संवत १९५६ च्या, ज्या दुष्काळास या बाजूस 'छपन्ना' म्हणतात, त्या दुष्काळीं जीं मरणें झालीं, तशीं आतां होत नाहींत याचें बरेंचसें श्रेय या व्यवस्थेकडे जातें. टीकाकारांनीं हें विसरूं नये. आम्हीहि विसरत नाहीं.

परंतु सरकारी गोदामांतून निघालेलें धान्य दुकानापर्यंत मोटारीनें येतें, आणि दुकानापासून चुलीपर्यंत डोक्यावरून जातें. पस्तीस किलो धान्य एका खेपेंत नेणें एका बाईस होत नाहीं. दोन खेपा, म्हणजे मजुरीचा एक दिवस गेला. तो दिवस जावयाचा तो जावो. पण धान्य मिळेलच याची खात्री हवी ना! आतां प्रत्येक दुकानीं अंगठ्याचें यंत्र आहे. यंत्रास अंगठा पटला पाहिजे, आणि अंगठा पटण्यासाठीं यंत्रास आकाशांतून संदेश मिळाला पाहिजे. एका पाड्यावर आम्हीं पाहिलें तें असें: दुकानदार यंत्र हातांत धरून टेकडीवर चढला होता, त्याच्यामागें पंचवीस-तीस माणसें चढलीं होतीं, आणि एका विशिष्ट सागाच्या झाडाखालीं संदेश मिळतो म्हणून सारीं तेथें दाटीनें उभीं होतीं. एका म्हातारीचा अंगठा यंत्रास कांहीं केल्या पटेना. जन्मभर दगड उचलून आणि शेण सारवून त्यावरच्या रेषाच झिजून गेलेल्या. दुकानदार चांगला मनुष्य. त्यानें तिचा अंगठा ओल्या फडक्यानें पुसला, दुसरें बोट लावून पाहिलें, तिसरें लावून पाहिलें. शेवटीं म्हणाला, "आजी, उद्यां सुनेला पाठव." सून गुजराथेंत ऊस तोडावयास गेलेली होती.

येथें एक गोष्ट नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. सबंध हिंदुस्थानांतील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजीं पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्तें दिले गेले, ते याच नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या खेड्यांत. अंगठ्याच्या या युगाचा नारळ या जिल्ह्यानें फोडला. त्याच जिल्ह्याच्या डोंगरांत अंगठा अजून संदेश मिळणारें झाड शोधतो आहे. यंत्रामुळें मधली गळती थांबली, मेलेल्या माणसांच्या नांवावर धान्य उचललें जात असे तें बंद झालें, हें तेथील शाळामास्तरहि मान्य करितात. दुकानदारांचीहि बाजू आहे. जेथें मोटार थांबते तेथून दुकानापर्यंत पोतीं वाहून आणण्याचा खर्च पुष्कळदां त्यांच्याच अंगावर पडतो. पण चोर पकडण्यासाठीं लावलेल्या कुलपाची किल्ली जर घरधन्यालाच लागेनाशी झाली, तर कुलूप कसें आहे याचा विचार करावाच लागतो.

ऊसतोडीचा प्रश्नहि याच्याशीं निगडित आहे. दिवाळी झाली कीं पाड्यांवरील धडधाकट माणसें दक्षिण गुजराथेंतील साखर कारखान्यांकडे निघतात. मागें म्हातारेकोतारे आणि कांहीं मुलें राहतात. पूर्वीं शिधापत्रिका एक आणि घर दोन ठिकाणीं, अशी अडचण होती. ९ ऑगस्ट २०१९ रोजीं महाराष्ट्र आणि गुजरात या जोडींत एका राज्याच्या शिधापत्रिकेवर दुसऱ्या राज्यांत धान्य देण्याचा प्रयोग सुरू झाला, आणि पुढें तो देशभर गेला. पत्रिका आतां प्रवास करूं शकते. फडावरच्या झोपडींत राहणाऱ्या बाईस त्या गांवचें दुकान कोणतें, कोणत्या दिवशीं उघडतें, हें कोणी सांगितलें तर तिचा उपयोग होतो.

नर्मदेच्या कांठची कथा आणखी निराळी. सरदार सरोवराच्या पाण्यानें महाराष्ट्रांतील तेहतीस गांवें बाधित झालीं. त्यांतील नऊ अक्कलकुव्याचीं आणि चोवीस अक्राणीचीं. पुष्कळ कुटुंबें तळोदें, शहादें या बाजूस वसविण्यांत आलीं, कांहीं गुजराथेंत गेलीं, आणि कांहीं वरच्या अंगास डोंगर चढून तेथेंच राहिलीं. पूर्वीं ज्या सपाटीवर गाळाची सुपीक जमीन होती, जेथून पलीकडच्या तीरावरच्या सोयऱ्यांकडे उन्हाळ्यांत सहज जातां येई, तेथें आतां अथांग पाणी आहे. मणिबेली, चिमलखेडी, डनेल, भुषा या बाजूच्या लोकांस नाव हेंच वाहन. दवाखानाहि तरंगता आहे. नाव आहे तर बाजार आहे, नाव बंद तर बाजार बंद. नदींतली मासळी मात्र या लोकांस मिळते, आणि कांहींनीं तिच्या सहकारी संस्थाहि केल्या आहेत.

या साऱ्याचा हिशेब शेवटीं मुलांच्या अंगावर निघतो. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत या जिल्ह्यांतील पांच वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलें वयाच्या मानानें कमी वजनाचीं आढळलीं. अंगणवाडींत अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांस एक वेळचें गरम, चौरस जेवण, आणि मुलांस अंडें किंवा केळें. योजना उत्तम आहे. जेथें अंगणवाडी जवळ, तेथें तिचें फळहि दिसतें. पण पोटांत सातवा महिना असतां एका जेवणासाठीं दरी उतरून पुनः चढावयाची, हा प्रश्न पुनः वाटेपाशींच येऊन थांबतो.

धडगांवच्या मुलखांत अस्तंभा नांवाचें एक उंच शिखर आहे. अश्वत्थामा तेथें अद्याप भटकतो अशी श्रद्धा असून दिवाळीच्या दिवसांत हजारों यात्रेकरू रात्रीं तें चढतात. कपाळावरच्या जखमेसाठीं तो तेल मागतो, ही गोष्ट सर्वांस ठाऊक. आम्हांस मात्र तें शिखर पाहून त्याचें बालपण आठवलें. द्रोणाचार्यांच्या घरीं गाय नव्हती; शेजारच्या मुलांप्रमाणें आपल्यालाहि दूध हवें म्हणून पोर रडूं लागलें, तेव्हां त्याला पाण्यांत पीठ कालवून दिलें, आणि "मी दूध प्यालों" म्हणून तें नाचूं लागलें. ब्राह्मणाच्या घरची ही गोष्ट आपल्या महाभारतांतच आहे. त्या शिखराच्या पायथ्याशीं एका झोपडींत आम्हीं दोन वर्षांच्या पोरीस चहांत बुडविलेलें बिस्किट खातांना पाहिलें. बापानें मोठ्या कौतुकानें सांगितलें, "हिला बाजारचेंच आवडतें."

उपाय कोणीच करीत नाहीं असें नव्हे. मोलगीच्या बाजूस भगर सडण्याचीं लहान यंत्रें आलीं आहेत, आणि बायकांचे बचतगट तीं चालवितात. अर्ध्या दिवसाचें काम थोड्या वेळांत होतें, आणि सडलेल्या भगरीस भावहि जास्त मिळतो. आमच्या मतें पाड्यांतील भुकेवर या एका यंत्राचा जितका उपयोग होईल, तितका मोठ्या भाषणांचा होणार नाहीं. मात्र सडलेली सारीच भगर बाजारांत न जातां थोडी कोठींतहि राहिली पाहिजे. धडगांवकडे बायफ संस्थेच्या साहाय्यानें मका-ज्वारीच्या जुन्या जातींचें बियाणें जपण्याचा उद्योग चालू आहे. अन्नसुरक्षेच्या कायद्यांत तांदूळ-गव्हाबरोबर भरडधान्याचीहि तरतूद आहे. २०२३ हें वर्ष साऱ्या जगांत भरडधान्यवर्ष म्हणून पाळलें गेलें, शहरांतल्या उपाहारगृहांत त्यांचे गोड पदार्थ झाले; पण जी भगर मोलगीस खरेदी होऊन मोलगीच्याच रेशन दुकानांतून परत द्यावी, ती घाट उतरून जाते, आणि पंजाबचा गहूं घाट चढून येतो. गव्हाची पोळी लाटावयाची पद्धत या घरांत नाहीं. कित्येक घरीं तो गहूं ज्वारींत मिसळून दळतात, कित्येक घरीं विकून टाकतात.

निघण्याच्या दिवशीं एका घरीं आम्हीं दोन पायली मोर विकत मागितले, न सडलेले. घरच्या म्हातारबाईंनीं कोठींतून काढून दिले, आणि कशासाठीं नेतां म्हणून विचारलें. "आमच्याकडे उपासास खातात," असें मास्तरांनीं त्यांच्या भाषेंत सांगितलें. त्यांना वाटलें, आपण नीट ऐकलें नाहीं. मास्तरांनीं पुनः सांगितलें. तेव्हां त्या सुनांकडे वळून कांहीं बोलल्या, आणि सारीं बायकामाणसें पदर तोंडास लावून हसूं लागलीं. मास्तर भाषांतर करावयास संकोचत होते, आम्हीं आग्रह केला तेव्हां म्हणाले, "त्या विचारताहेत, भगर खाल्ल्यावर उपास कसला? आणि पोट भरून जेवतां तेव्हां मग तुम्ही काय खातां?"

तें धान्य घेऊन आम्ही घरीं आलों. आमच्या मातोश्रींनीं माळ्यावरचें जातें खालीं काढावयास लावलें. लहानपणीं वरी सडलेली आपण पाहिली आहे, असें त्या म्हणाल्या. दुपारीं आरंभ केला. वरची तळी किती हलकी ठेवावयाची, हें कोणासच ठाऊक नव्हतें. पहिल्या घासाचें पीठच झालें, दुसऱ्यांत निम्मीं सालें तशींच राहिलीं. मुलांनीं सूप हातीं घेतलें आणि दाणे अंगणभर झाले. दिवेलागणीपर्यंत दोघी जावा आणि मातोश्री आळीपाळीनें बसल्या, तेव्हां वाटीभर भगर निघाली. पांढरी नव्हे, करड्या रंगाची. पुतण्यानें ती हातांत घेऊन पाहिली आणि ही भगर नव्हे म्हणून सांगितलें. आजींनीं ती दुसऱ्या दिवशीं शिजविली. दिवस उपासाचा नव्हता, म्हणून तिच्यावर कांद्याची फोडणी चालली.